एमील तीन दिवसांत का सुटला

सेमारांग, ३ मार्च १९५१

प्रिय अडेल,

हे सहावं पत्र. पहिली पाच तुला मिळालीच नाहीत, असं मी मानत नाही. टपालवाल्यांवर माझा विश्वास कधीच नव्हता, पण पाचच्या पाच पत्रं गिळायला त्यांना तरी एवढी भूक कुठून येणार? म्हणजे तू ती वाचतेस आणि गप्प बसतेस, नाहीतर पाकिटावरचं माझं अक्षर बघून चुलीत टाकतेस. हॉलंडमध्ये म्हणे चूल नसते, गॅस असतो. तर गॅसवर.

इथे निम्म्या गल्लीने खुर्च्या-पलंग विकायला काढलेत. डिसेंबरअखेर ठरवायचंय, हॉलंडचं राहायचं की या नव्या प्रजासत्ताकाचं व्हायचं. ज्यांच्या सात पिढ्यांनी बर्फ बघितला नाही ते लोकरी मोजे विणत बसलेत. एमील म्हणतो, आपण इथेच राहायचं. मी विचारलं, का? तर म्हणाला, "तिथल्या थंडीत बोटं चालणार नाहीत."

बोटं इथे तरी कुठे चालतायत? पाच वर्षं झाली, चर्चच्या मंडळींनी त्याला ऑर्गनवरून उठवलं. वडीलधाऱ्यांनी बोलावून विचारलं होतं, "जपान्यांनी थेओला पकडलं, तुला सोडलं. तुला काय सांगायचंय?" हा म्हणाला, "काही नाही." अठरा वर्षं ज्या बाकावर बसला तिथून टोपी उचलून घरी आला आणि मला म्हणाला, आज भाजीत मीठ कमी आहे.

मला वाटतं, त्याला थंडीची नाही, तुझी भीती वाटते. तिथे तू आहेस, आणि तिथे कोणीतरी नीट चौकशी करेल.

आता एक गोष्ट लिहिते, जी आधीच्या पाच पत्रांत लिहायला धजले नाही. तू निघालीस त्या दिवशी बंदरावर त्याच्या पायाशी थुंकलीस, आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांना वाटलं, नवऱ्यासाठी मारली. तसं नव्हतं. तू जे मोठ्याने बोललीस ते माझ्या पोटात तीन वर्षं होतं, आणि ते तू चारचौघांत काढलंस याचा राग आला.

मी किती वेळा हिशेब मांडला असेल. जपान्यांनी बंदी घातलेला रेडिओ ऑर्गनच्या मोठ्या नळ्यांमागे आहे हे चौघांनाच ठाऊक. थेओने तो आणला, एमीलने लपवला. मला चहा घेऊन जाताना दिसला, आणि तुला थेओने सांगितलं. भाता मारणारा पाक कार्तो ठार बहिरा, त्याला मी धरत नाही. तू धरून देशील? स्वतःच्या नवऱ्याला? मी माझं तोंड ओळखते. ते फार बोलतं, पण ते बोललं नाही. मग उरतो कोण?

थेओ आठ महिन्यांनी तुरुंगात मेला. एमील तीन दिवसांत परत आला. दाढी वाढलेली, बाकी अंगावर ओरखडा नाही. आणि पुढच्या सोमवारपासून त्यांच्या आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचा प्रमुख.

तू मला 'झुस' म्हणायचं सोडलंस, तरी थोरली बहीण मीच आहे. एक ओळ तरी लिही.

तुझी झुस, मीन


सेमारांग, १९ ऑगस्ट १९५१

प्रिय अडेल,

तुझं कार्ड आलं. पाच वर्षांनी बहिणीला लिहायला घेतलंस आणि लिहिलंस काय, तर सात शब्द. "त्यालाच विचार, तो तीन दिवसांत का सुटला." खाली सहीसुद्धा नाही. कार्डावर ट्यूलिपचं चित्र बघून आधी मला वाटलं, कोणी बियाणंवाला आहे.

विचारलं. मी काय विचारत नाही असं समजू नकोस. या वेळी तुझं कार्डच त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं, उलटून फुलं बघितली.

"तब्येत बरी आहे का तिची?" म्हणाला.

"तेवढंच वाचलंस?"

"अक्षर थरथरलंय."

"एमील, तिने प्रश्न विचारलाय."

"त्यांना वाद्यवृंदासाठी स्वरलिपी लिहिणारा माणूस हवा होता. गावात दुसरा कोणी नव्हता. म्हणून सोडलं."

"आणि तू बदल्यात काय दिलंस?"

त्याने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "संगीत," म्हणाला, आणि जेवत राहिला.

आता सांग, यावर कोणाचा विश्वास बसेल? खरं तेवढंच असतं, तर हे आठ वर्षांपूर्वी सांगायला काय झालं होतं? निम्मं खरं सांगणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते.

पूर्वीचा एमील तुला आठवतो ना? रविवारी सकाळी चर्चमध्ये असं गंभीर वाजवायचा की म्हाताऱ्या बायका रुमाल काढायच्या, आणि संध्याकाळी क्लबात त्याच्याच वॉल्ट्झवर त्याच बायकांच्या मुली नाचायच्या. मंडळींना नाचाची गाणी चालायची नाहीत, म्हणून छापील प्रतींवर 'ई. मील' असं नाव घालायचा. एकदा पाळकसाहेबांनी त्यालाच विचारलं, "हा मील कोण हो? वात्रट आहे, पण सुरांचा पक्का दिसतो." हा म्हणाला, "मी ओळखतो त्याला. सुधारण्यातला नाही." घरी येऊन हसता हसता खुर्चीवरून पडला होता.

तो माणूस त्या तीन दिवसांतून परत आलाच नाही. जो आला तो आपला जेवतो, चालतो, नखं कापतो.

आणि तुमच्या लग्नासाठी केलेला तो तावांगचा वॉल्ट्झ. थेओ तावांग स्टेशनात कामाला, म्हणून सुरुवातीला गाडी सुटल्यासारखे ते दोन लांब सूर. सगळ्या जावाभर वाजला तो. थेओला पकडून नेल्यापासून एमीलने तो एकदाही वाजवलेला नाही. मी एकदा भांडी घासताना गुणगुणले, तर उठून बाहेर गेला. दुःखाने गेला म्हणशील. मी शरमेने म्हणते. आपल्या दोघींत हाच फरक असावा की मी त्याच्याबरोबर राहते आणि तू लांबून थुंकतेस. मत एकच.

झुस


सेमारांग, २ डिसेंबर १९५२

प्रिय अडेल,

आम्ही इथलेच झालो. गेल्या वर्षअखेरीस कागदावर सही केली. तू हसली असशील.

एमील आता एका चिनी माणसाच्या आइस्क्रीमच्या दुकानात दुपारी पियानो वाजवतो. मालक बाबा त्जोआ चांगला माणूस आहे, म्हणजे अजूनपर्यंत तरी. गेल्या आठवड्यात मी तिथे बसले होते. एक तरुण लेफ्टनंट आला, नारळाचं आइस्क्रीम मागवलं आणि पियानोपाशी जाऊन अदबीने म्हणाला, "बापाक हालेवाइन ना? शाळेत असताना आम्ही तुमचं कूचगीत म्हणायचो, जपानच्या वेळचं. वाजवाल का?"

मला वाटलं, नाही म्हणेल. त्याने वाजवलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, एकही चूक न करता. लेफ्टनंट टेबलावर बोटांनी ताल धरत होता. पलीकडच्या टेबलावर आपल्या चर्चमधली दोन माणसं बसलेली. ती पेले तसेच ठेवून उठून गेली. घरी येताना मी म्हटलं, "थेओच्या लग्नाचा वॉल्ट्झ वाजवत नाहीस, आणि हे वाजवतोस?"

"हे वाजवण्यासारखंच आहे," तो म्हणाला. "यात माझं काही नाही."

आता आणखी एक, जे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तो आकाशवाणीवर कामाला लागला तेव्हा दर शनिवारी घरी उशिरा यायचा. १९४४ साली एका शनिवारी दुपारी मी त्याच्या मागे गेले. हो, गेले. बायको आहे मी. तो तुझ्या गल्लीत वळला. तुझ्या घरासमोरच्या चिंचेखाली उभा राहिला, टोपी हातात. तू ओसरीवर कपडे वाळत घालत होतीस. त्याने पाच-सात मिनिटं तुझ्याकडे बघितलं आणि परत फिरला. तुला हाकही मारली नाही. पुढच्या शनिवारीही गेले. तेच. तिसऱ्या शनिवारी मी गेले नाही.

त्यानंतर मी दोन प्रकारे विचार करते. एक, त्याने थेओला दिलं आणि त्याची टोचणी त्याला तुझ्या दारात आणायची. दुसरा प्रकार असा की थेओ मध्ये नसावा असं त्याला आधीपासूनच वाटत होतं. कुठला जास्त वाईट, ते मला ठरवता आलेलं नाही. तुला काही ठाऊक असेल तर लिही. मी वाचून चिडणार नाही. चिडेन, पण लिही.

त्याला खोकला लागलाय. डॉक्टर फुप्फुसाचं सांगतात. मला वाटतं, ते पूर्ण सांगत नाहीत.

मीन


सेमारांग, १४ जून १९५४
(हे पत्र टाकायचं नाही.)

अडेल,

एमीलला पुरून आज नऊ दिवस झाले. हे तुला लिहिते आहे, पण तू वाचणार नाहीस. कुठेतरी लिहिल्याशिवाय मी जेवू शकणार नाही, म्हणून लिहिते.

मे महिन्याच्या शेवटी तान्ते लिएन आल्या. तुझ्या शेजारच्या, सगळ्या गल्लीची मावशी, तांदळाच्या रांगेत तुझ्यापुढे-मागे उभ्या असायच्या त्या. त्यांचं जहाज जुलैत आहे. अकरा वर्षं ही बाई मला बघून रस्ता ओलांडायची. आता दुपारी चार वाजता केकचा डबा घेऊन दारात, म्हणे आजाऱ्याला बघायला आले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. मी त्यांना त्याच्या खोलीत बसवलं, चहा करते म्हटलं आणि मागच्या दाराआड उभी राहिले. चुलीवर आधणसुद्धा ठेवलं नव्हतं.

तान्ते लिएन म्हणाल्या, "एमील, मी हे समुद्रापलीकडे घेऊन जाऊ शकत नाही."

"जा घेऊन," तो म्हणाला. "तिथे थंडीत गोठेल."

"चेष्टा करू नकोस रे. अडेलने मला सांगितलं होतं. रांगेत. मी रडत होते, माझा नवरा छावणीत, जिवंत की मेला ठाऊक नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, तान्ते, रडू नका, संपतंय हे, थेओ रोज चर्चमध्ये लंडन ऐकतो. मला धीर द्यायला बोलली बिचारी. आणि चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर माझ्या नवऱ्याचं छावणीतून आलेलं कार्ड ठेवलेलं. पंचवीस शब्द. म्हणाले, काहीतरी सांग आणि घेऊन जा."

"घेतलंस?"

"घेतलं. अजून आहे माझ्याकडे."

"मग ठेव जपून. तुझं नाव मी कोणाला सांगितलं नाही, आणि तिचंही नाही. तूही सांगायचं नाही. तिथे अडेल भेटली तर हवापाण्याचं बोल."

मी दार ढकलून आत गेले. तान्ते लिएननी माझ्या हातांकडे बघितलं. चहा नव्हताच. त्या उठल्या, त्याच्या पांघरुणाची कड सारखी केली आणि गेल्या.

मी त्याच्यावर ओरडले, अडेल. मरणाऱ्या माणसावर. म्हटलं, "अकरा वर्षं मी तुला गुन्हेगार समजून जेवायला वाढलं. एकदा तोंड उघडलं असतंस तर?"

"तर तू पुढच्याच भांडणात ते तिच्या तोंडावर फेकलं असतंस," तो म्हणाला. "मीन, तुझ्या पोटात काही राहतं का?"

मग खोकत खोकत, थांबत थांबत त्याने सगळं सांगितलं. तिथला दुभाषा म्हणाला होता, त्या बाईलाही आणतो. म्हणजे तुला. एमील त्यांना म्हणाला, ती मूर्ख आहे, बढाया मारते, तिला रेडिओ कुठे आहे तेही माहीत नाही. तिला सोडा, मी तुम्हाला हवं ते वाजवीन, हवं ते लिहीन. त्यांना वाद्यवृंद उभा करायचाच होता. ठरलं. तिसऱ्या दिवशी त्याला बाहेर नेताना व्हरांड्यात समोरून थेओला आणत होते. थेओचा एक डोळा मिटलेला. त्याने फक्त एवढंच विचारलं, "अडेल?" आणि एमील म्हणाला, "घरी आहे."

म्हणून शनिवारी तो तुझ्या घरासमोर उभा राहायचा. तू घरी आहेस ना, हे बघायला. त्यांनी शब्द पाळलाय ना, हे बघायला.

सगळं ऐकल्यावर मी काय केलं असेल? विचारलं, "तिच्यासाठीच का एवढं?" मी अशी आहे. तो म्हणाला, "तिच्या जागी तू असतीस तर थेओने हेच केलं असतं. आम्ही ते आधीच बोलून ठेवलं होतं." मग म्हणाला, "तिला कळू देऊ नकोस. तिच्याकडे माझा राग आहे. त्यावर ती जगतेय. तो काढून घेतलास तर तिच्याकडे काय उरेल?"

पुढच्या शनिवारी सकाळी गेला. पुरायला सहा माणसं होती, त्यात बाबा त्जोआ आणि तो लेफ्टनंट. चर्चने ऑर्गन उघडला नाही.

नऊ दिवस मी फक्त एकच विचार करतेय. अडेल, तुला ती रांग आठवते का? तान्ते लिएनच्या कानाशी वाकलेली तू, तुला आठवतेस का? बंदरावर थुंकलीस ती त्याच्यावर, की आधी स्वतःवर आणि मग तो समोर दिसला म्हणून? तुझं अक्षर थरथरलं होतं ते कशाने? मला कळायला मार्ग नाही. माझा संशय त्याच्यावरून उठला तो जाऊन तुझ्यावर बसलाय. त्याला कुठेतरी बसायला लागतंच.

तुला खरं लिहिलं तर त्याचा शब्द मोडतो. गप्प बसले तर त्याच्या नावावरचा डाग तसाच राहतो. माझ्याच्याने दोन्ही होत नाही.


सेमारांग, ३० जून १९५४

अडेल,

एमील पाच तारखेला वारला. फुप्फुसं. शेवटी फार त्रास झाला नाही.

हे शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते कर. थेओचा घात एमीलने केला नाही. मी केला.

१९४३च्या फेब्रुवारीत मी माझा निळा झगा उसवायला शिवणकाम करणाऱ्या बाईकडे दिला होता. तिचा मुलगा छावणीत होता, ती रडत होती. तिला धीर द्यायला मी बोलून गेले की लवकरच संपतंय, आमच्याकडे रोज लंडनची बातमी येते, चर्चमधून. वाईट हेतू नव्हता. ती बाई लढाईतच मेली, तिला शोधू नकोस. तिला त्यांनी धरलं आणि तिने जे ऐकलं होतं ते सांगितलं.

एमीलला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ते मला न्यायला निघाले होते. मला सोडावं म्हणून त्याने त्यांचं काम पत्करलं. तीन दिवसांत सुटला तो यासाठी. मंडळींपुढे गप्प बसला तो यासाठी. बंदरावर तू थुंकलीस तेव्हा त्याने बूट पुसले नाहीत, तेही यासाठीच.

आणि मी तुला पत्रांमागून पत्रं लिहून त्याच्याकडे बोट दाखवत राहिले. कारण तू त्याच्याकडे बघत राहिलीस तर दुसरीकडे बघणार नव्हतीस. असं करणाऱ्या माणसाला मनातून सगळं माहीत असतं. एमीलने त्याबद्दल कधी राग धरला नाही, हे मी खात्रीने सांगते.

त्याने तुझ्यासाठी एक निरोप ठेवलाय. तुरुंगाच्या व्हरांड्यात थेओ त्याला दिसला होता. थेओने तुझं नाव घेऊन विचारलं. एमीलने सांगितलं, ती घरी आहे. ते ऐकून थेओने मान डोलावली. एमील म्हणायचा, त्या जागी त्याने कोणाचा चेहरा इतका निवांत बघितला नाही.

हॉलंडमध्ये आपल्या गावचे जे कोणी भेटतील त्यांना सांग, एमील हालेवाइनने कोणालाही धरून दिलं नाही. माझं नाव सांगायचं तर सांग. इथल्या मंडळींना मी परवा समोर उभी राहून सांगितलं. पुढच्या रविवारपासून माझ्या बाकावर कोणी बसणार नाही, म्हणजे पाय पसरता येतील.

तुला शिव्या द्यायच्या असतील तर पत्ता हाच आहे. मी कुठेही जाणार नाही.

मीन